घाई आणि गव्हाण

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की वसईतल्या ख्रिस्ती घरांत कुणालाच सवड नसते. करंज्यांचं सारण, भट्टीतला केक, खिडकीवर टांगायचा तारा, गोठ्यासाठी पेंढा, शिंप्याकडे अडकलेले कपडे आणि संध्याकाळी गायनवृंदाची तालीम. आगमनकाळातली चौथी मेणबत्ती पेटते तेव्हा देवळातल्या निम्म्या बायकांचं लक्ष घरी मळून ठेवलेल्या कणकेत असतं. नाताळची नुसती धावपळ झालीय, असं प्रवचनात ऐकून त्या मान डोलावतात आणि मनातल्या मनात उरलेली कामं मोजतात.

मला ही तक्रार अर्धीच पटते. पहिला नाताळ तरी कुठे निवांत होता? लूकची हकिगत सुरू होते सरकारी फर्मानाने. कैसर औगुस्ताने नोंदणीचा हुकूम काढला, म्हणून दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन योसेफ नासरेथहून बेथलेहेमला निघाला. वाट शंभर किलोमीटरहून जास्त. गाव माणसांनी भरलेलं, उतारशाळेत जागा नाही. लूक एवढंच लिहितो. दार लावून घेणारा खडूस मालक आपल्या नाताळच्या नाटुकल्यांतला. शुभवर्तमानात तो नाहीच. (दर वर्षी कुणातरी पोराला उगाच ती भूमिका करावी लागते.) बेथलेहेमात त्या रात्री कुणी दुष्टपणा केला, असं लूक कुठेच म्हणत नाही. जो तो आपापल्या कामाच्या गडबडीत होता. त्या गर्दीत बाळ जन्मलं आणि त्याला गुरांच्या गव्हाणीत निजवलं. प्रत्यक्ष जन्माला लूकने दोन वचनं दिली आहेत. मार्क आणि योहान तर जन्मकथा सांगतच नाहीत.

खबर आधी मिळाली तीही कामावरच्या माणसांना. मेंढपाळ रात्री कळप राखत होते. ते उठून घाईने निघाले, अशी लूकने नोंद केली आहे. घाई तिथेही होती, पण ती बाळाकडे जाण्याची. बाळ पाहून, जे ऐकलं ते लोकांना सांगून मेंढपाळ माघारी गेले. त्यांच्या मेंढरांना कुणीतरी राखायला हवंच होतं.

म्हणून करंज्या तळणाऱ्या बाईला कामं सोडून ध्यानाला बस म्हणणं मला जड जातं. विशेषतः म्हणणारा पुरुष असेल आणि करंज्या खाणारही तोच असेल तर! मला खटकतं ते निराळंच.

1223 च्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली. खरा पेंढा, जिवंत बैल, जिवंत गाढव. बेथलेहेमच्या बाळाची किती आबाळ झाली, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आपल्या गोठ्यांतून नेमकी ती आबाळ गेली. दिव्यांच्या माळा आल्या, कारंजी आली, स्पर्धेतले नंबर आले. देव माणूस झाला आणि तोही दुसऱ्याच्या हातांवाचून काहीच करू न शकणारं तान्हं बाळ झाला, हे ख्रिस्ती श्रद्धेचं केवढं धाडस! ते रंगरंगोटीत दिसेनासं होतं. मत्तयाच्या कथेत तर हेच कुटुंब पुढे हेरोदापासून जीव वाचवायला रातोरात मिसरात पळतं. आज आपल्या आळीत परप्रांतातून आलेलं एखादं मजुराचं कुटुंब तान्ह्या बाळासह खोली शोधत आलं, तर आपण पहिल्यांदा ओळखपत्र मागतो. दारातला तारा तेव्हाही लुकलुकतच असतो.

तेव्हा घाई खुशाल करा. फक्त 24 तारखेच्या संध्याकाळी, अर्धे लाडू वळायचे राहिले असले तरी, घरातल्या सगळ्यांना बोलवा आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं कुणीतरी मोठ्याने वाचा. वाचायला चार-पाच मिनिटं पुरतात. आणि 25 च्या जेवणाला घरच्यांबरोबर असा एक पाहुणा बसवा, ज्याला त्या दिवशी दुसरीकडून बोलावणं येणार नाही.