मागास कोण?

आखाडा बाळापूरचा आहे म्हटलं की बाहेर हमखास ऐकू येतं, "म्हणजे हिंगोली? मागास जिल्हा ना?" राग येतो. पण शाळेत असताना मीही हायड्राला असाच 'खालच्या दर्जाचा प्राणी' म्हणून पाठ केला होता.

हायड्रा तळ्याडबक्यांत राहतो, लांबी काही मिलिमीटर. शरीर म्हणजे पेशींच्या दोन थरांची नळी. तोंड एकच, घास तिथूनच आत, उरलंसुरलं तिथूनच बाहेर. मेंदू नाही, चेतापेशींचं नुसतं जाळं.

पण 1740च्या दशकात त्रांब्लेनं त्याचे तुकडे केले, तर तुकड्यांतून नवे हायड्रा उभे राहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही याच प्राण्यावर काम झालंय. त्याचं डोकं कुठे उगवणार हे ठरवणाऱ्या जनुकांचे भाऊबंद आपल्या गर्भाच्या घडणीतही राबतात.

हायड्रा आपला पूर्वज नाही. साधारण 60 कोटी वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, आणि तेव्हापासून तोही आपल्याइतकाच चालत आलाय. कुणाला मागे म्हणायचं तर दोघं एकाच रस्त्यावर तरी हवेत.

तरी आपण प्राण्यांच्या बहुतेक जातींना 'अपृष्ठवंशीय' म्हणतो: काय नाही, त्यावरून नाव.

गावात दवाखाना, कॉलेज कमी असेल तर ते मोजायलाच हवं. मोजल्याशिवाय मिळणार नाही. पण उणीव मोजणं वेगळं आणि तिथला माणूसच उणा ठरवणं वेगळं.