गर्भांतील बालक आणि वैद्यांचें भाकीत

सोलापूर जिल्ह्यांतील खेड्यांतून गरोदर स्त्रिया आतां सोनोग्राफीकरितां शहरांत येतात. १८ ते २० आठवड्यांच्या त्या तपासणींत कधीं कधीं असें दिसतें कीं, बालकाच्या छाती व पोट यांमधील पडदा नीट जुळलेला नाहीं. आंतडीं छातींत शिरलीं आहेत, व त्यामुळें फुप्फुसें खुरटलीं आहेत. सुमारें ३,००० बालकांत एकास हें व्यंग असतें. वैद्य फुप्फुसाचें माप घेऊन तें मूल जगण्याचा संभव सांगतात. मग आईबाप रडत उपदेशकाच्या दारीं येतात. त्यांस काय सांगावें?

प्रथम हें कीं, दोष कोणाचा हें शोधूं नये. कोणी म्हणेल, ग्रहणांत हिनें विळी हातीं धरली. कोणी म्हणेल, हें आईबापांचें पाप. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न केला असतां प्रभूनें दोघांसही दोषमुक्त केलें. पुष्कळदां ह्या व्यंगाचें कारण वैद्यांसही सांपडत नाहीं. मग शेजाऱ्यांस तें कोठून ठाऊक असणार?

दुसरें हें कीं, भाकीत म्हणजे निकाल नव्हे. २०२१ सालीं अनेक देशांतील वैद्यांनीं एका उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला. गर्भांतील बालकाच्या श्वासनलिकेंत लहानसा फुगा ठेवावयाचा, म्हणजे आंतील द्रव कोंडून फुप्फुसें वाढतात. ३४ व्या आठवड्याच्या सुमारास तो काढावयाचा. अति गंभीर प्रकारांत असा उपचार केलेल्या १०० बालकांमागें ४० वांचलीं. न केलेल्यांत १५. मध्यम प्रकारांत मात्र निश्चित लाभ दिसला नाहीं, आणि फुग्यामुळें अकालीं प्रसूति वाढल्या. चाळीस हा आंकडा शंभरांविषयीं खरा आहे. तुमचें बाळ त्या चाळिसांतील कीं साठांतील, हें तो सांगत नाहीं. म्हणून त्यावरून निराश होऊं नये, आणि त्यास देवाचें वचनही समजूं नये.

तर मग हा उपचार करणें आईचें कर्तव्य आहे काय? हत्यार तिच्याच देहांतून जातें. प्रीतीनें आपण होऊन दिलेलें तेंच अर्पण. सासूनें किंवा मंडळीनें बळानें घेतलेलें अर्पण नव्हे. व्यंग भारी असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीनें २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा कायद्यानें २०२१ पासून दिली आहे. मुभा म्हणजे आज्ञा नव्हे. आम्ही त्या लहान जिवाचा पक्ष धरतों. तथापि ज्या बहिणीनें रडत दुसरा मार्ग घेतला, तिच्यावर धोंडा उचलणें आमचें काम नव्हे.

बंधुजनहो, आपलें काम निराळें आहे. असें मूल घरीं जन्मूं देऊं नये. जेथें नवजात बालकास श्वासाचें यंत्र व शस्त्रक्रिया मिळेल अशाच दवाखान्यांत आईस वेळेवर पोंचवावें. पुण्या-मुंबईस जावें लागल्यास गाडीभाडें मंडळीच्या वर्गणींतून द्यावें. मूल वांचलें तर उपकारस्तुति करावी. न वांचलें तर त्यास नांव द्यावें, प्रार्थनापूर्वक मूठमाती द्यावी, आणि त्या आईस एकटी सोडूं नये. किती श्वास मिळाले यावरून देव जिवाची किंमत करीत नाहीं.