बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार

आजचे वाचन: रोमकरांस पत्र 6:1-11



माझा बाप्तिस्मा एका रविवारी झाला. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. युवक शिबिराहून आल्यावर आमच्या ग्रुपमधल्या चौघांनी एकदमच नावं दिली होती. पाण्यातून वर आलो तेव्हा मंडळी गात होती, आई रडत होती. रात्री फोटो स्टेटसला गेला. आणि सोमवारी सकाळी? मोबाईलवरून आईशी भांडण. तोच चढलेला आवाज, तेच कडू शब्द. ती एवढंच म्हणाली, "कालच ना रे?"

तो प्रश्न बरीच वर्षं बोचत राहिला. पुन्हा पाप झालं, म्हणजे माझा बाप्तिस्मा खोटा होता का? मित्रांबरोबर वाहत जाऊन घेतला म्हणून तो 'लागला' नाही का?

आजच्या वचनात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पौल हे कोणाला लिहितोय? ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालेला आहे त्यांना. आणि तो त्यांना विचारतो, तुम्हांला हे ठाऊक नाही का? म्हणजे रोममधल्या विश्वासणाऱ्यांनाही आठवण करून द्यावी लागत होती! पौल त्यांना खोटे म्हणत नाही. पुन्हा पाण्यात उतरा असंही सांगत नाही. कृपा आहे म्हणून खुशाल पाप करा, हे तर मुळीच नाही. तो म्हणतो, तुम्ही ख्रिस्ताबरोबर पुरले गेला आहात, त्याच्याबरोबर जिवंत आहात. आता स्वतःला तसंच माना आणि तसं चाला.

पंडिता रमाबाईंचंच बघा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, छोट्या मनोरमेचाही. रमाबाई विचार न करता काही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं लिहिलं की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. त्या तिथेच थांबल्या नाहीत, त्याला शोधत पुढे गेल्या.

मार्टिन लूथरनेही 1529 च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत हेच शिकवलं: आपल्यातला जुना मनुष्य रोजच्या पश्चात्तापानं रोज बुडाला पाहिजे. पाणी एकदाच, पण मरणं आणि उठणं रोजचं.

तुमच्यापैकी काहींचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि दृढीकरणाच्या वेळी तुम्ही स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हटलं. काहींचा कळत्या वयात, पाण्यात बुडवून झाला. यावर मंडळ्यांचं एकमत नाही, आणि तो वाद आज नको. सोमवार दोघांनाही येतोच.

आणि ज्यांनी अजून घेतला नाही ते म्हणतात, "मी आधी सुधारतो, मग घेतो." मित्रा, बाप्तिस्मा हे चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट नाही. स्वतःला सुधारता येत नाही म्हणून तर आपण प्रभूकडे येतो! पण मित्र चाललेत म्हणून घाईही करू नकोस. पाळकांशी बोल, प्रश्न विचार.

त्या सोमवारी मी आईची माफी मागितली नाही. लाज वाटली. आता वाटतं, माझ्या बाप्तिस्म्याचा खरा अर्थ जगायची पहिली संधी तीच होती, आणि ती मी घालवली. माफी मागितली, पण कितीतरी वर्षांनी. ती तर तो प्रसंग विसरूनही गेली होती.

आज स्वतःला विचारू या: माझा बाप्तिस्मा कपाटातल्या दाखल्यात आहे, की आज मला कोणाकडे तरी जाऊन 'माझं चुकलं' म्हणायचं आहे?

प्रार्थना: हे प्रभु येशू, मी तुझा आहे हे मी विसरतो, तू विसरत नाहीस. माझ्यातला जुना मनुष्य आजही मरू दे, आणि तुझ्याबरोबर मला पुन्हा उठव. आमेन.