उन्हाळी

आमच्या शेवगावात लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणतात. शब्द देखणा, दुखण्याचं खापर थेट सूर्यावर फोडणारा. वैशाखात नाथसागर जलाशयाचं पाणी मागं सरतं, गाळाच्या जमिनी उघड्या पडतात, तेव्हा तो बऱ्याचदा खराही असतो. दिवसभर रानात पाणी पोटात गेलं नाही की लघवी दाट होते, जळते, आणि धण्याच्या पाण्यानं उतरतेही. पण माझ्या चुलत्यांना, आबांना, ती पौषात लागली.

सत्तरीतल्या पुरुषाची उन्हाळी बहुधा ई. कोलाय नावाच्या, आतड्यातच राहणाऱ्या जंतूची असते. पुरुषाची मूत्रनलिका लांब, म्हणून तरुणपणी तो सहसा वर पोचत नाही. पुढं प्रोस्टेट वाढतं, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, तळाशी थोडं उरतं. त्या डबक्यात जंतूचं फावतं. तो प्रोस्टेटमध्ये शिरला तर आणखी पंचाईत, कारण तिथवर पोचणारी औषधं मोजकीच.

आबांनी घरात कुणाला सांगितलं नाही. मेडिकलवर गर्दी ओसरू दिली आणि खालच्या आवाजात 'लघवीची गोळी' मागितली, जरा पावरची. कात्रीनं पट्टी कापली गेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी पाठीमागची लाल उभी रेघही चार गोळ्यांपुरतीच हातात आली. दोन दिवसांत जळजळ थांबली. उरलेल्या दोन गोळ्या बंडीच्या खिशात, पुढच्या खेपेसाठी.

पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल व्याख्यानात असाच एक माणूस कल्पिला होता: घसा दुखतो म्हणून थोडंसंच पेनिसिलीन घेणारा, आणि त्यातून निगरगट्ट झालेले जंतू बायकोला देणारा. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला १९५४ साली. म्हणजे इशारा आधी आला, आपला कारखाना मागाहून. अर्थात लांबलचक कोर्स म्हणजे चांगला कोर्स, असंही नाही. ताप नसलेल्या पुरुषांना सात दिवसही चौदा दिवसांइतकेच पुरतात, असं २०२१च्या एका अमेरिकी चाचणीत दिसलं. औषध नेमकं हवं, आणि ते नेमकं कोणतं हे लघवीतले जंतू वाढवून तपासणारं कल्चर सांगतं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. जळजळीला तेवढा धीर नसतो.

तिसऱ्या खेपेला थंडी वाजून ताप भरला, तेव्हा कुठं आबांचं कल्चर झालं. रिपोर्टवर औषधांची उभी यादी आणि पुढं 'आर', 'आर', 'आर'. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. आबांनी चष्मा पुसून कागद वरून खालपर्यंत वाचवून घेतला. म्हणाले, "ह्यातल्या निम्म्या तर म्या खाल्ल्या बी नाहीत."

खरं होतं ते. जंतूजवळ प्लास्मिड नावाचं जनुकांचं वेगळं वेटोळं असू शकतं. शेजारच्या जंतूला चिकटून तो त्याची नक्कल देऊ शकतो, आणि त्या एकाच वेटोळ्यात चार-पाच औषधांवरचा तोड एकत्र बांधलेला असू शकतो. मूत्राशयासाठी घेतलेली गोळी आतड्यातही पोचते. तिथले साधे जंतू मरतात, तोड असलेले उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. आबांनी मोजक्याच गोळ्या खाल्ल्या होत्या; सोबत न खाल्लेल्या औषधांवरचा तोडही पोसला गेला होता.