खुरपे आणि अहिंसा

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेतीला दूषण दिले आहे, कारण लोखंडी फाळ जमिनीला आणि तिच्या पोटातल्या जिवांना इजा करतो. हा आक्षेप परसातल्या खुरप्यालाही लागू पडतो. मग अहिंसा मानणाऱ्याने बाग करावी का? करावी, असे मी म्हणेन. मात्र समोर आलेली अळी मारावी की सोडावी, हा प्रश्न फार उशिरा विचारलेला असतो. त्याचे उत्तर बरेचसे बाग आखतानाच ठरून गेलेले असते.

पावसाळ्यात लिंबाच्या झाडावर फुलपाखराची अळी येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी. बोट लावले तर डोक्यामागून दुभंगलेले तांबूस शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. जमिनीत मूळ धरलेले झाड तिला पाने देऊनही पुन्हा फुटते. कुंडीतले एकुलते एक रोप मात्र ती ओरबाडून टाकते, आणि तिथे दया करायला जागाच उरत नाही. दुसरे झाड आधीच लावणाऱ्याला ती जागा मिळते. कोकणातल्या पावसात गुलाबाचा हट्ट धरला की पानांवर काळे ठिपके पडतात आणि फवारणी मागे लागते. त्याच पावसात सोनटक्का आपसूक बहरतो. उन्हाळ्याआधी वाफ्यावर पालापाचोळा पसरला तर तण कमी उगवते आणि उपटायचेही कमी उरते.

जैन विचारवंतांनी हा पेच सर्वांत कसून तपासला. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने टाळलीच पाहिजे, घरकामात आणि उद्योगात अटळपणे होणारी हिंसा कमीत कमी ठेवावी, असा त्यांचा विवेक आहे. लोकांना शेती शिकवली ती पहिल्या तीर्थंकरांनी, ऋषभदेवांनी, अशी त्यांची परंपरा सांगते. सांगली-कोल्हापूर भागात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आले आहेत. यावर कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. ‘मनात नव्हते’ म्हटले की सुटलो. मला उलट वाटते. ज्याला पुढचे दिसते, त्याला ‘नकळत झाले’ म्हणता येत नाही. मातीत विष ओतले की गांडुळे मरतात हे माहीत असताना ते ओतणे म्हणजे संकल्पच. ऋतू ओळखून आखणी करणाऱ्याची जबाबदारी म्हणूनच वाढते.

दुसरा आक्षेप अरणच्या सावता माळ्यांचे नाव घेऊन येतो. मळ्यातल्या भाजीत त्यांनी विठ्ठल पाहिला, तरी मुळा उपटायचे ते थांबले नाहीत. मग आपणच का अडखळावे? पण त्यांचा मळा पोटासाठी होता. नुसत्या शोभेच्या बागेला ही सूट मागता येत नाही, तिथे कसोटी अधिक कडक हवी. वैशाखात पाणी पिणारी आणि एका जातीच्या गवतासाठी बाकी प्रत्येक अंकूर उपटायला लावणारी हिरवळ माझ्या मते या कसोटीला उतरत नाही. तिच्या जागी अळू, गवती चहा आणि कुंपणावर गोकर्ण लावावी.