गाणे पोहोचले, गाणारा कुठे?

आवडलेली वस्तू एकट्याने खाऊ नये, शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यावी, हे आपल्या घराघरांतून शिकवले जाते. ईदच्या दिवशी शिरखुर्म्याची झाकलेली भांडी गल्लीभर फिरतात ती याच शिकवणुकीतून. पण ते भांडे आपल्या घरातले असते. दुसऱ्याच्या चुलीवरचे उचलून आपण वाटत सुटलो, तर त्याला दानत म्हणायचे का? अन्नाबद्दल हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण उत्तर सरळ आहे. गाण्याबद्दल तो पडतो. गाणे कितीही वाटले तरी गाणाऱ्याकडचे काही कमी होत नाही. निदान तसे वाटते.

मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय, पदरमोड करून काढलेल्या संगीताला हल्ली 'इंडी' म्हणतात. अशा संगीताचा परदेशातला चाहता ही एक न्यारीच जमात आहे. त्याला भाषा येत नाही, मुलूख पाहिलेला असतोच असे नाही. पण एखादा आवाज त्याला असा धरतो की दहाजणांना ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. ब्रायन शिमकोविट्झ हा अमेरिकन तरुण त्यातलाच. 2002 साली घानातल्या केप कोस्ट येथे त्याने रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून एक कॅसेट घेतली. 'ओबा सिमा' हे तिचे नाव, अटा काक हा गायक. कॅनडात राहणाऱ्या या घानावासीयाने ती 1994 साली स्वतःच काढली होती आणि तिच्या जेमतेम पन्नास प्रती निघाल्या होत्या. 2006 पासून शिमकोविट्झ आफ्रिकेतून आणलेल्या कॅसेटी इंटरनेटवरून जगाला फुकट ऐकवू लागला, तेव्हा पहिला मान त्याने याच कॅसेटला दिला. पाहता पाहता अटा काकचे नाव दूरदूरच्या शौकिनांच्या तोंडी झाले. खुद्द अटा काकला याचा पत्ता नव्हता.

इथे शिमकोविट्झ चुकला का? परवानगी मागायची तर कुणाकडे? गाणारा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हेच ठाऊक नव्हते. परवानगीची वाट पाहत तो बसला असता तर पन्नास प्रतींतली ती एक प्रत कुठल्या तरी पेटीत बुरशी लागून संपली असती. म्हणून त्याने वाटायला नको होते, असे मी म्हणणार नाही. त्याच्या बाजूने बोलणारी खरी गोष्ट मात्र त्यानंतरची आहे. तो गाणाऱ्याला शोधत राहिला. अनेक वर्षांनी माग लागला आणि 2015 साली तीच कॅसेट रीतसर, गायकाच्या संमतीने पुन्हा निघाली. पुढे अटा काक परदेशातल्या मंचांवर गायलाही. अशा पुनर्प्रकाशनातला नफा शिमकोविट्झ कलावंताबरोबर निम्मा निम्मा वाटून घेतो. इथिओपियाचे हैलू मेर्गिया हे एकेकाळचे नामवंत वादक वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवत होते, वाद्य गाडीच्या डिकीत ठेवून मोकळ्या वेळात वाजवत होते. त्यांची 1985 ची कॅसेटही 2013 साली अशीच पुन्हा आली आणि ते पुन्हा मंचावर दिसू लागले.

या दोन गोष्टी गोड आहेत, म्हणूनच त्यांच्यावर थांबणे बरे नव्हे. सहाराच्या दक्षिणेकडचा माली-नायजरचा पट्टा घ्या. तिथल्या तुआरेग लोकांची भाषा तमाशेक. (आपल्या तमाशाशी तिचे काही नाते नाही, पण ओळ पुढे उपयोगी पडणार आहे.) तिथे गाणे फुकट वाटण्याची रीत परदेशी चाहत्याने आणलेली नाही. 1979 च्या सुमारास जमलेल्या 'तिनारिवेन' या मंडळींनी लिबियातल्या लष्करी छावण्यांत असताना कोरी कॅसेट घेऊन येईल त्याला गाणी भरून दिली. वाळवंटातून ती हातोहात फिरली. कॅसेटी गेल्या, मोबाइल आले. इंटरनेट नसलेल्या गावांतही गाणी एका मेमरी कार्डावरून दुसऱ्यावर जाऊ लागली. आपल्याकडे तालुक्याच्या स्टँडसमोर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या होत्या, ते दिवस आठवावेत. दहा-वीस रुपयांत कव्वाल्या, नाती, सिनेमाची गाणी एकाच कार्डात दाटीवाटीने येऊन बसत. गायकाचे नाव कधी असे, कधी नुसता आकडा.

क्रिस्टोफर कर्कली या अमेरिकन चाहत्याने 2010 च्या आसपास सहारातल्या अशाच कार्डांवरची गाणी गोळा केली आणि पुढे त्यांची तबकडी काढली. त्यात एका नायजरच्या तरुणाचे गाणे होते. त्याने ते 2008 साली नायजेरियातल्या सोकोटोत ध्वनिमुद्रित केले होते आणि तेथून ते मोबाइलवरूनच पसरले होते. त्या तरुणाचे नाव म्दू मोक्तार. घरच्यांना त्याचा हा नाद पसंत नव्हता. पहिली गिटार त्याने स्वतःच बनवली, तारा सायकलच्या ब्रेकच्या केबलमधून काढल्या. कर्कलीने त्याचा ठावठिकाणा शोधला आणि भेटीला जाताना डावखुऱ्या मोक्तारसाठी डावखुरी गिटार नेली.

आता प्रश्न नीट मांडता येतो. नायजरच्या पोराने मोक्तारचे गाणे कार्डावरून कार्डावर घेतले आणि अमेरिकेतल्या शौकिनाने तेच गाणे फुकट उतरवून घेतले, या दोन कृती सारख्या आहेत का? दिसायला तंतोतंत सारख्या. तरी मला त्या सारख्या वाटत नाहीत. मोक्तारसारख्या वादकाची तिथली कमाई लग्नसमारंभातली. गाणे मोबाइलवरून जितके फिरेल तितकी लग्नाची बोलावणी अधिक, आणि लग्नात खूश झालेला माणूस वादकावर नोटा टाकतो. तमाशात याला दौलतजादा म्हणतात. उरुसाच्या कव्वालीत आपण ते दृश्य पाहिले आहे. म्हणजे कार्डावर गाणे फुकट घेणारा पोरगा उद्या त्याच लग्नाच्या मांडवात असतो. देणे फिटण्याची जागा तिथे आधीपासून आहे. परदेशी चाहता त्या मांडवात कधीच येणार नाही. त्याने गाणे घेतले तर परतफेडीची वाट त्याला स्वतः बांधावी लागते. ती त्याच्यासाठी कुणी बांधून ठेवलेली नाही. 'तिकडे तर सगळेच फुकट घेतात' हे त्याचे नेहमीचे समर्थन म्हणून लंगडे आहे.

दुसरी गोष्ट नावाची. गावात गाण्यावर नाव नसले तरी चालते, कारण आवाज ऐकून लोक सांगतात, हा अमक्याचा मुलगा. समुद्र ओलांडला की ते सांगणारे कुणी उरत नाही. मग गाणाऱ्याच्या जागी गोळा करणाऱ्याचे नाव मोठे होते आणि त्याने याला 'शोधून काढले' अशी भाषा सुरू होते. ज्याच्या गाण्यावर शेकडो लग्ने नाचली तो सापडला म्हणजे काय? हरवला तरी कधी होता?

परंतु आपण फार सोवळे व्हायला नको. आपल्याकडचा माल तिकडे गेल्याचाही इतिहास आहे. उत्तर नायजेरियाच्या कानो शहरात हिंदी चित्रपट पन्नाशी-साठीच्या दशकांपासून लोकप्रिय. ब्रायन लार्किन या मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या सूफी भक्तांवर लिहिले आहे. ही मंडळी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली घेतात, त्यांत हौसा भाषेतले नातिया शब्द भरतात आणि बंदिरी नावाच्या डफासारख्या वाद्यावर गातात. त्यांच्या एका मंडळाचे नाव उश्शाकु इंडिया, म्हणजे हिंदुस्थानचे आशिक. इतका सरळ आपले नाव सांगणारा परदेशी चाहता दुसरा दाखवा! त्यांनी मुंबईच्या संगीतकाराला विचारले नाही आणि पैसेही दिले नाहीत. आपल्या मोहल्ल्यांतही सिनेमाच्या चालींवर नात म्हटली जाते, आणि भजनी मंडळेही तेच करतात. ही चोरी का? मला तसे वाटत नाही. एक तर ऐकणाऱ्याला मूळ गाणे ठाऊक असते आणि निम्मी गंमत त्यातच असते, तेव्हा नाव बुडत नाही. दुसरे असे की कानोचा गरीब गायक मुंबईच्या भरल्या घरातून मूठभर घेतो. कार्डावरचे गाणे अमेरिकेत विकले जाते तेव्हा वाहण्याची दिशा उलटी असते. कायदा दोन्हींना एकच नाव देईल. विवेकाने तसे करू नये.

चाहता गाण्याबरोबर आणखी एक गोष्ट वाटतो आणि तिच्याबद्दल तो क्वचितच विचार करतो. ती म्हणजे गाणाऱ्यांविषयीची कहाणी. 2012 साली उत्तर माली सशस्त्र गटांच्या ताब्यात गेला, तिंबक्तू आणि गावमध्ये संगीतावर बंदी आली, वाद्ये जाळली गेली, खैरा आर्बीसारख्या गायिकेला बामाको गाठावे लागले. हे खरे आणि भयंकर होते. पण परदेशातल्या चाहत्यांत त्याची 'इस्लाम विरुद्ध संगीत' अशी सोपी गोष्ट झाली आणि गाण्याबरोबर तीच विकली जाऊ लागली. जे गाणारे पळाले ते मुसलमानच होते. अली फरका तुरे हे त्या मुलखाचे सर्वांत नामवंत गिटारवादक श्रद्धावान मुसलमान होते आणि 2004 पासून 2006 साली वारले तोवर आपल्या नियाफुंके गावचे महापौर होते. एवढी ओळख करून न देता त्यांचे गाणे दुसऱ्याला ऐकवणे म्हणजे अमानत अर्धी पोहोचवणे.

आवडीतही निवड असते. मोक्तारच्या त्या 2008 च्या ध्वनिमुद्रणात यंत्राचे ढोल आणि यंत्राने वळवलेला आवाज होता. तिकडच्या तरुणांना तो भावला. पाश्चात्त्य शौकिनांना मात्र वाळवंट म्हटले की गिटार हवी असते. यात गैर काही नाही, पण आपण जे मागतो तेच पुढे गाणाऱ्याकडून येऊ लागते, याचे भान हवे.

जुलै 2023 मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि हवाई मार्ग बंद झाले, तेव्हा मोक्तार आणि त्याचे साथीदार अमेरिकेत दौऱ्यावर होते. घरी परतता येईना. बायकामुले तिकडे, हे इकडे. त्यांनी मदतीचे आवाहन केले आणि चाहत्यांनी पैसे पाठवले. त्यांत कार्डावरून निघालेले ते पहिले गाणे कधी फुकट उतरवून घेतलेलेही असणार. त्यांना कुणी हिशेब मागितला नव्हता.