कारण आणि सबब

वकिली करणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते: पक्षकाराने सांगितलेले कारण आणि त्याच्या मनातले कारण ही पुष्कळदा निराळी असतात. देवमाशांच्या शिकारीचा वाद वाचताना हेच पुनःपुन्हा आठवते.

१९४६च्या आंतरराष्ट्रीय कराराने देवमाशांचे जतन आणि शिकारीच्या धंद्याची सुव्यवस्थित वाढ ही उद्दिष्टे एकाच प्रास्ताविकात गुंफली. १९८२ साली आयोगाने व्यापारी शिकार तहकूब करण्याचे ठरविले. पुढे जपानने संशोधनाच्या नावाखाली देवमासे मारले आणि त्यांचे मांस विकले. दक्षिण महासागरातील ती मोहीम वैज्ञानिक प्रयोजनासाठी नव्हती, असा निर्णय २०१४मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. २०१९मध्ये जपानने आयोग सोडला व स्वतःच्या सागरी हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार आरंभिली.

एक सबब गळून पडली. पण शिकारीला विरोध करणाऱ्या आपले काय? संख्या घटली म्हणून मारू नका, असे आपण म्हणतो. उद्या ती भरून आली तर? तेव्हाही आपण नकोच म्हणणार असू, तर आपले खरे कारण आकडा नव्हे, करुणा आहे. मग ते तसेच मांडावे; आणि ती करुणा देवमाशापाशीच का थांबते, ह्या उलटतपासणीला ताटातल्या मासळीसह सामोरे जावे.

माझे उत्तर अपुरे आहे, पण प्रामाणिक आहे. हारपूनचा घाव नेमका बसला नाही, तर त्या अजस्र जीवाला मरण लवकर येत नाही. टाळता येण्याजोगी इतकी वेदना देणे मला अन्याय वाटतो. माझ्या ताटाचा हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे.